डाव्या धारेची सुरी

आजोबा गेले तेव्हा भांडुपच्या आमच्या दोन खोल्यांत वाटण्यासारखं फार काही निघालं नाही. पत्र्याच्या पेटीत मात्र जुन्या धोतरात गुंडाळलेल्या पाच सुऱ्या निघाल्या. विक्रोळीच्या कारखान्यात ते फिटर होते. जेवणाच्या सुट्टीत बसून हाताने सुऱ्या करायचे, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

तेराव्याला आत्या बाबांना म्हणाली, "मला दुसरं काही नको रे. बाबांनी माझ्यासाठी केलेली सुरी तेवढी ठेव."

"कुठली?" बाबांनी विचारलं.

"बघितली की कळेल," म्हणाली आणि डोळे पुसत बोरिवलीला गेली.

तिला घाई होती, आणि मला आत्मविश्वास. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा, कचेरीत कारकून. त्या आठवड्यात रद्दीच्या दुकानात मला जुन्या सुऱ्यांच्या संग्रहावरचं एक परदेशी मासिक सापडलं होतं, अर्धं फाटलेलं. उरलेल्या अर्ध्यावर मी तज्ज्ञ झालो. बाबांना म्हटलं, "आत्याला कशाला त्रास? मी ओळखतो."

भिंग आणलं, वही केली. एका पात्यावर पुसट अक्षरं दिसली : एच. एस. एस. मी वहीत लिहिलं, 'बहुधा इंग्रज कारागिराची आद्याक्षरं. दुर्मीळ.' बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सारला.

"अरे शहाण्या, ते पोलादाच्या जातीचं नाव आहे. मशीनच्या करवतीचं झिजलेलं पातं आहे हे. पाचही त्याचीच."

"पण बाबा, मासिकात..."

"मासिकवाल्याला सांग, विक्रोळीला ये म्हणावं."

मी खचलो नाही. पाचांतली एक देखणी होती : शिसवी मूठ, तिच्यावर पितळेच्या बारीक खिळ्यांचं फूल. लेकीसाठी बाप दुसरी कुठली करणार? मी तिला चिठ्ठी बांधली : 'आत्या'. उरलेल्यांतली एक मात्र अगदीच बिघडलेली वाटली. बाकीच्यांना धारेचा उतार उजव्या अंगाने दिलेला, हिला डाव्या. मुठीतला अंगठ्याचा खळगाही भलत्याच बाजूला. काकडी कापून बघितली तर काप तिरका, एका टोकाला जाड नि दुसऱ्याला पातळ. वहीत शेरा मारला : 'सुरुवातीच्या काळातली. हात बसलेला नसावा.' माझा हात कधी कशावर बसला होता, हे विचारायला तेव्हा कुणी नव्हतं.

मग वाटलं, आजोबांची चूक आपण सुधारावी. सायकलवर दगड फिरवणारा धारवाला गल्लीत आला तशी ती सुरी घेऊन खाली उतरलो. त्याने पातं उन्हात धरलं.

"साहब, ये उल्टी धार है. किसीने सोच के बनाया है."

"सीधी करो," मी म्हणालो. जाणकाराने म्हणावं तसं.

ठिणग्या उडाल्या. टोकाकडचा इंचभर भाग झाला असेल-नसेल, त्याने पाय थांबवला. "ये लोहा मेरा पत्थर खा रहा है. ले जाओ." मी वैतागून सुरी आईला दिली. म्हटलं, वापर घरात, कामचलाऊ आहे.

रविवारी आत्या आली. धारेची वस्तू आमच्यात हातातून हातात देत नाहीत, म्हणून मी ती फुलाची सुरी ताटात ठेवून तिच्यापुढे केली. तिने उचलली, वळवून पाहिली आणि परत ठेवली.

"छान आहे," म्हणाली. दुसऱ्याच्या घरचा चहा बेचव असला तरी म्हणतात, तसं. मग थोड्या वेळाने हळूच, "एवढ्याच होत्या काय?"

आत आई दुधी चिरत होती आणि करवादत होती. "ही मेली सुरी आपल्याच मनाने चालते!"

आत्या उठून आत गेली. आईने सुरी पाटावर टाकल्याबरोबर तिने उचलली. डाव्या हातात. अंगठा त्या खळग्यात जाऊन बसला आणि दुधीचे काप पडू लागले, सरळ, पातळ, एकसारखे.

जन्मापासून मी आत्याला पाहत होतो. ती जेवायची, वाढायची, पत्रं लिहायची, सगळं उजव्याने. ती डावरी आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

"आयेनं डाव्या हातावर पळी मारून मारून माझी सवय मोडल्यान," ती सुरीकडेच बघत म्हणाली. आमच्याशी ती मुंबईचं बोले. आईवडिलांची आठवण निघाली की मालवणी. "बाबा तिच्यासमोर काय बोलाचे नाय. एक दिवस ही आणून दिली. म्हणाले, चारचौघांत उजव्यान जेव. घरात कोण नसला की हिच्यान चीर. माझा लग्न झाला आणि ही त्यांच्याकडेच ऱ्हवली."

बाबा दारात उभे होते. त्यांनाही हे नवीन होतं. सख्खी बहीण.

तेवढ्यात सुरी टोकापाशी अडखळली. काप शेवटाला जोडलेलाच राहिला. आत्याने पातं डोळ्यांजवळ नेलं, बोट फिरवलं.

"ह्येचा टोक कोणी खाल्ला?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. पाठीमागे धरलेली वही मी पँटमध्ये खोचली आणि सगळं सांगितलं. मासिक, शेरा, धारवाला. ही कुणीतरी विचार करून केलीय असं तो म्हणाला होता, तेही.

मी म्हणालो, "चांगल्या कारागिराकडून नीट करून आणतो. उलटी म्हणजे, डावी."

"मेल्या, तू आता हात लावू नको तिला," ती म्हणाली. सुरी वर्तमानपत्रात गुंडाळली, पिशवीत सगळ्यात खाली घातली आणि वर दुधीचा उरलेला तुकडाही घेतला.

तिने ते टोक कधीच नीट करून घेतलं नाही. बोरिवलीला तिच्याकडे जेवायला गेलो की ती आता सुनेसमोर, सगळ्यांसमोर डाव्या हाताने चिरत बसलेली असायची. माझ्या ताटात मात्र हमखास काकडीचे असे काप यायचे, शेवटाला एकमेकांना धरून राहिलेले. मी ते मुकाट्याने हाताने तोडून खायचो.