मळलेला फ्रॉक

देवळाली प्रवरात आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीत एक मदतनीस बाई आहेत. त्यांचं नाव मी अजून विचारलेलं नाही. पहिल्यांदा गेले ती भांडायलाच. माझ्या लेकीचा फ्रॉक रोज मागून काळाकुट्ट होऊन यायचा.

दारात पोचले तेव्हा खिचडीची वेळ झाली होती. पन्नाशीच्या त्या बाई पदर खोचून चक्क जमिनीवर बसल्या होत्या आणि बसल्या बसल्याच पातेल्याकडे सरकत होत्या. मागून सगळी पोरं तशीच खिदळत सरकत होती. सगळ्यांच्या पुढे ऊसतोडीला आलेल्या जोडप्याची मुलगी होती. तिचे पाय अधू आहेत, तिला चालता येत नाही.

मला बघून बाई धापा टाकत म्हणाल्या, "ती एकलीच घसटत आली, की बाकीची नुसती बघत बसत्यात, ताई. समदी घसटली की खेळ हुतो."

मी तशीच परतले. दुसऱ्या दिवसापासून लेकीला जुना फ्रॉक घालू लागले.

काल लेक फुरंगटून घरी आली. "आई, आजपण तीच पहिली आली!"

"मग सराव कर," मी म्हटलं.

नुकत्याच पुसलेल्या फरशीवर ती लगेच बसली आणि सरकायला लागली.