कुऱ्हाड नसलेलं घर

मामंजी गेल्याचा निरोप परभणीला आमच्या नव्या बिऱ्हाडाशेजारच्या किराणा दुकानातल्या फोनवर आला. आम्ही दोघं गावी पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती आणि सरणासाठी लाकडं फोडायची होती. गोठ्याला लागून बाभळीचे मोठमोठे ओंडके पडलेले. कुणीतरी कुऱ्हाड मागितली. सासूबाई म्हणाल्या, "आमच्यात कुऱ्हाड न्हाई." शेतकऱ्याच्या घरात कुऱ्हाड नाही म्हटल्यावर पाहुणे चमकले. गावातली माणसं मात्र खाली बघू लागली. मलाही मान वर करवेना... शेवटी मामंजींच्याच पाचरी आणि घण काढून लाकडं फोडली.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पहिला राग मला या लाकडांचाच आला होता. माझं माहेर सेलूचं. तिथं वखारीतून फोडलेलं जळण हातगाडीवर दारात यायचं. इथं मामंजी सकाळी उठून ओंडक्याशी बसायचे. ओंडका कधी उचलायचे नाहीत, पहारीनं कलता करून लोटत आणायचे. दुसऱ्या बसक्या ओंडक्यावर उभा करायचे, हलू नये म्हणून बुडाशी दगड लावायचे आणि वाकून त्याच्या तोंडावरच्या चिरा बघत राहायचे. गाठ खालच्या अंगाला. पाचर मधोमध नाही, कडेला, जिथं लाकूड आधीच फाटायला निघालंय तिथं. आधी हलके ठोके, पाचर धरली की मग घण. चीर रुंदावली की तिच्यात बाभळीची लाकडी पाचर घालायची, म्हणजे लोखंडी मोकळी होते. चिंचेचा बुंधा असला तर तो सरळ फाटत नाही, त्याच्या कडेकडेनं ढलप्या काढायच्या. बघायला हे छान होतं, पण चूल पेटवायला मला बारीक काड्या लागायच्या आणि त्या काही पाचरीनं निघत नाहीत. मी शेजारी कुऱ्हाड मागायला जायचे. शेजारीण द्यायची, पण इथंच फोडून न्या म्हणायची. मामंजी कंजूष आहेत अशी माझी समजूत झाली आणि एकदा मी सासूबाईंना तसं ऐकवलंही. त्यांनी भाकरी थापायची थांबवली आणि सांगितलं.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्यावर मराठवाड्यात गावोगाव दलितांची घरं फोडली, जाळली. आमच्या गावातही. त्या संध्याकाळी घरातली कुऱ्हाड मामंजींनी मागणाऱ्याच्या हातात दिली. कशाला, हे विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती, बाहेरचा ओरडा ऐकू येत होता. सकाळी कुऱ्हाड जागेवर होती आणि पात्याला निळा रंग लागला होता. निळं दार गावात एकच, किसनरावांचं. किसनराव एसटीत कंडक्टर, घर नवंच बांधलेलं. मामंजींनी ती कुऱ्हाड विहिरीत टाकली आणि पुन्हा दुसरी घरात येऊ दिली नाही. ऐकून माझे डोळे भरून आले होते. विहिरीत लाजेबरोबर पुरावाही बुडाला, हे मला फार उशिरा सुचलं.

किसनराव गाडीवर असले की मामंजी ती गाडी सोडून द्यायचे, उन्हातान्हात पायी जायचे. पुढं त्यांनी सुताराकडून किसनरावांसाठी कडुलिंबाचं दार करून घेतलं, बैलगाडीत घातलं आणि मला म्हणाले, चल. बाई सोबत असली की समोरचा फार बोलत नाही, असा त्यांचा हिशेब असावा. किसनरावांनी आम्हाला बसायला सांगितलं, पाणी दिलं. मग म्हणाले, "दार मी कवाच बसवलंय, नाना. ते तुमचं तुमी न्या. कुऱ्हाड कुणी नेली हुती, तेवढं ठाण्यात येऊन सांगा."

दार आम्ही परत आणलं. वाटेत मी विचारलं, मामंजी, कुणी नेली होती? त्यांनी कासरा ओढून बैल उभे केले. मग म्हणाले, "घरातल्यानंच." घरात पुरुष दोनच होते, मामंजी आणि त्यांचा मुलगा. म्हणजे माझा नवरा. रात्री मी यांना विचारलं. हे म्हणाले, सगळं गाव होतं, मी एकटा होतो का? आणि कूस बदलून झोपले.

मामंजी माझ्याशी फार चांगले वागले. पाथरीहून येताना माझ्यासाठी पेपर आणायचे, लिही तू, म्हणायचे. त्यांची आठवण आली की मला रडू येतं, आणि रडताना लाज वाटते. कारण गावात त्या पाचरींचं कौतुक व्हायचं, नानांनी कसं प्रायश्चित्त घेतलं म्हणून. पाचरीनं बाभूळ फोडणं सोपं नाही, पण ठाण्याची पायरी चढण्यापेक्षा सोपं आहे. मागितलं होतं ते त्यांनी दिलं नाही. न मागितलेलं मात्र आयुष्यभर देत राहिले... आणि मी त्या जळणावर स्वयंपाक करत राहिले.

सावडण्याच्या दिवशी किसनराव आले. ड्यूटीवरून थेट, खाकी कपड्यांतच. सासूबाईंना नमस्कार केला आणि माझ्याजवळ येऊन सांगितलं, की संक्रांतीला विद्यापीठाचं नाव बदलल्याची बातमी आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मामंजी कधी नव्हे ते त्यांच्या गाडीत चढले. पाथरीला उतरले. गाडी उभी होती तिथून ठाणं दिसतं. "दारापोत्तर गेले. तिथं उभे राह्यले लय वेळ. मंग परतीच्या गाडीला माझ्यापाशीच आले. मी तिकीट फाडलं. त्यांनी काई सांगितलं न्हाई, मी काई इचारलं न्हाई." हे ओसरीवर बसून सगळं ऐकत होते. किसनरावांनी त्यांच्याकडं बघितलं, टोपी डोक्यावर ठेवली आणि गेले.

हा लेख पाठवण्याआधी मी यांना वाचून दाखवला. ऐकता ऐकता त्यांनी चष्मा काढून ठेवला. म्हणाले, "नानांचं लिवलंस ते खरं हाय. माझं नाव तेवढं कुठं येऊ देऊ नको." मी पुन्हा वाचून बघितलं, ते नाव कुठंही आलेलं नाही. आजवर या पुरवणीत मी नुसतं 'विमल' म्हणून लिहीत आले. या वेळी पूर्ण नाव देते आहे, आणि आपल्याकडं लग्न झालेल्या बाईचं पूर्ण नाव नवऱ्याच्या नावाशिवाय होत नाही.

— विमल भास्कर जाधव