अण्णांना प्राग दाखवताना

आधीच सांगून टाकते, यात चूक माझी आहे. नवऱ्याची नाही, व्हिसाच्या खिडकीमागच्या बाईची तर मुळीच नाही. मी त्या दोघांवरही चिडून पाहिलं, पण राग फिरून फिरून माझ्याकडेच आला.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय शहात्तर. सोलापूरला मोजणी खात्यात भूमापक होते. साखळी ओढत लोकांच्या बांधांवरून चालण्यात आणि त्यांची भांडणं ऐकण्यात त्यांचं आयुष्य गेलं. कधीतरी त्यांना रद्दीच्या दुकानात प्राग शहराचा एक घडीचा नकाशा सापडला. प्रागच का, असं मी एकदा विचारलं होतं. "तोच मिळाला म्हणून," अण्णा म्हणाले. लिस्बनचा मिळाला असता तर ते लिस्बनच्या प्रेमात पडले असते. पण प्रागचा मिळाला आणि पुढची तीस वर्षं रविवारी दुपारी हा माणूस जमिनीवर नकाशा पसरून, पालथा पडून, बोटाने गल्ल्या फिरत राहिला. शेतांच्या वाटण्या होऊन होऊन त्यांचे नकाशे बदलतात, पण या गल्ल्या शेकडो वर्षं जागच्या हलल्या नाहीत, याचं त्यांना भारी कौतुक. जुन्या वेशीच्या काळ्या बुरुजापासून निघायचं, चौक ओलांडायचा, दगडी पुलावरून नदीपार जायचं आणि चढ चढून किल्ल्यावर पोचायचं. राजे राज्याभिषेकाला याच रस्त्याने जायचे म्हणे. एवढंच त्यांना एकदा पायी करायचं होतं.

गेल्या वर्षी ते सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत, शिकागोजवळच्या शॉमबर्गला आले. येतानाच उजवा गुडघा कुरकुरत होता. सोलापूरच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, हृदयामुळे ऑपरेशन नको, वर्षभर नीट चालाल, पुढचं बघू. म्हणजे जे काही करायचं ते आत्ताच. मी लगेच तिकिटं काढली. तिघांची, सप्टेंबरची. पुलाच्या अगदी जवळचं हॉटेल घेतलं. अण्णांनी सरावाला सुरुवात केली. आमच्या सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे बंगल्यांच्या वसाहतीत, फुटपाथ मध्येच संपतो आणि पुढे नुसतं गवत, त्यामुळे ते रोज सकाळी घरांना वेढे घालायचे. शेजारची अमेरिकन म्हातारी गाडी थांबवून विचारायची, लिफ्ट हवी का? अण्णा चिडायचे. "या देशात चालणारा माणूस दिसला की ह्यांना वाटतं, बिचाऱ्याची गाडी बिघडली!"

आता माझी अक्कल ऐका. मी आणि नवरा वीस वर्षं या देशात आहोत. त्यातली पहिली बारा भारतीय पासपोर्टवर काढली. तेव्हा मला प्रत्येक देशाचा नियम पाठ होता. कुणी कॅनडाला जायचं म्हणालं तरी मी आधी फॉर्म कुठला ते सांगायचे. मग अमेरिकेचा निळा पासपोर्ट हातात आला आणि रांगेत उभं राहायची सवयच गेली. युरोपला जायचं म्हणजे तिकीट काढायचं, संपलं. अण्णांना व्हिसा लागणार हे माहीत होतं हो, तेवढी काही मी वेडी नाही. पण मला वाटलं, अमेरिकेचा व्हिसा मिळालेल्या माणसाला कोण नाही म्हणणार? शिकागोला जाऊ, अर्ज देऊ, होईल.

शिकागोच्या व्हिसा केंद्रात खिडकीमागच्या बाईने अण्णांचा पासपोर्ट उघडला, शिक्का पाहिला आणि फार गोड आवाजात सांगितलं, अमेरिकेत पाहुणे म्हणून आलेल्यांचा अर्ज आम्ही इथे घेत नाही, त्यांनी आपल्या देशातून करायचा. मी वाद घातला. मॅनेजरला बोलावलं. त्याने तेच सांगितलं, जरा कमी गोड आवाजात. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून, फाइल मांडीवर घेऊन, मागे खुर्चीत बसले होते.

"यार, तू हे आधी चेक नाही केलंस?" पार्किंगमध्ये नवरा म्हणाला.

"तू केलंस?" मी ओरडले. तो कशाला करेल! घरातले सगळे कागद मी बघते.

मी सगळं कॅन्सल करायला निघाले, तर अण्णा हट्टाला पेटले. "तू जा. एकाने तरी चालून या." नवरा म्हणाला, मी अण्णांबरोबर थांबतो, तू जाऊन ये, त्यांना व्हिडिओ कॉलवर सगळं दाखव. मला ती कल्पना तेव्हा फार झकास वाटली. गेले मी, एकटी.

तिथे दुपारचे दोन म्हणजे शॉमबर्गला सकाळचे सात. अण्णा चहा घेऊन, नकाशा डायनिंग टेबलावर पसरून तयार बसायचे. मी त्या काळ्या बुरुजाखाली फोन लावला. "दिसतंय का, अण्णा?"

"दिसतंय. आता पश्चिमेला वळ."

पश्चिम कुठली ते मला कुठे कळतंय! डावीकडे म्हणा, उजवीकडे म्हणा. आजूबाजूला ही गर्दी. छत्र्या उंच धरलेले गाइड, त्यांच्यामागे चाळीस चाळीस माणसं, दर दहा पावलांवर कुणीतरी सेल्फी काढायला थबकलेलं. मी फोन उंच धरून चालत होते, हाताला रग लागली होती, आणि कानात अण्णा. "फोन खाली घे. माणसं नको दाखवू, जमीन दाखव." जमीन दाखवली. छोट्या चौकोनी दगडांची. "पायाला टोचतात का गं?" बूट घातलेत, अण्णा! "चढ कुठून सुरू होतो? पोटऱ्यांना कळत असेल ना?" अहो, दिसतोय ना चढ? "कॅमेऱ्यात सगळं सपाटच दिसतं," ते म्हणाले.

चौकात घड्याळाचे टोले पडायची वेळ झाली आणि नेमका कॉल तुटला. पुलावर वारा इतका, की त्यांना माझं ऐकू येईना. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पहिल्यापासून चालले, चौकासाठी. तिसऱ्या दिवशी पुन्हा, पुलासाठी. पायांचे तुकडे पडले. किल्ल्याच्या शेवटच्या पायऱ्यांवर मी धापा टाकत फोन धरून उभी होते आणि अण्णांनी विचारलं, "या पायऱ्या किती उंचीच्या? साधारण वीतभर?"

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "अण्णा, पुरे आता! इतकी मरमर करून दाखवतेय, तर जरा नुसतं बघा ना!"

अण्णा म्हणाले, "छान दाखवलंस हो. ठेव आता, बस कुठेतरी." मला फार वाईट वाटलं, पण पुन्हा फोन काही केला नाही. तीन दिवसांचा राग होता आणि तो काढायला दुसरं कुणी समोर नव्हतं.

परत आले त्या संध्याकाळी मी सगळे फोटो नि व्हिडिओ टीव्हीवर लावले. मोठ्या पडद्यावर त्यांना नीट दिसेल, आणि ओरडले त्याची भरपाईही होईल, असं मनात होतं. अण्णा सोफ्यावर बसले. बुरूज झाला, चौक झाला. पूल आला तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ते पडद्याकडे बघतच नाहीयेत.

"अण्णा, पूल."

"पाहिलाय गं. यूट्यूबवर असतो की. सोलापुरात रोज बघायचो."

मी रिमोट खाली ठेवला. "मग तीन दिवस मी काय करत होते? तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तू एवढी हौसेनं फिरवत होतीस. कसं सांगायचं?" अण्णा म्हणाले. "मला बघायचं नव्हतं. बघून झालं होतं. मला तिथं चालून दमायचं होतं गं. दमून त्या पायऱ्यांवर बसायचं, घाम पुसायचा आणि म्हणायचं, आलो बुवा."

नवरा उठून स्वयंपाकघरात गेला. मला रडू येत होतं आणि त्या रडण्याचाही रागच येत होता. एक नियम. इंटरनेटवर दोन मिनिटांत सापडला असता. मी वर्षभर ऑफिसात दुसऱ्यांच्या कागदांतल्या चुका शोधते.

"पुढच्या वर्षी जाऊ," मी म्हणाले. "तुमचा व्हिसा मुंबईहून करू. मी येते तिकडे, आपण तिथूनच निघू."

"हं," अण्णा म्हणाले. मग उजवा गुडघा एका हाताने दाबत, सोफ्यावरून उठायला त्यांनी माझ्यापुढे दुसरा हात केला. असा हात त्यांनी आजवर कधी कुणापुढे केला नव्हता. मी दोन्ही हातांनी धरून त्यांना उठवलं.