साहेबाची बंदूक आणि आमचे हवालदार

"कागद खंय हा?" समोर कुणीही येवो, हवालदारांचा तळहात आधी पुढे यायचा. असा एखादा फाटकावरचा माणूस तुम्हीही पाहिला असेल. आमचे हवालदार मालवणकडचे, ब्रह्मदेशच्या लढाईतून परतलेले. तिथलं ते कधी बोलत नसत.

पंचावन्न सालच्या सुमाराची गोष्ट. मुलुंडच्या एका कारखान्यात मी टाइपिस्ट होतो, शिवाय यंत्रं बसवायला आलेल्या अमेरिकन साहेबाचा दुभाष्या. साहेब आला तोच बंदूक घेऊन. हवालदारांनी हात पुढे केला. "परवानो?"

साहेब हसला. "आमच्या गावात बंदुकीला कुणाची परवानगी लागत नाही. तो माणसाचा हक्क आहे. नऊ वर्षांचा होतो, तेव्हा वडिलांनी हातात दिली."

मी मराठीत सांगितलं. हवालदार उसळले, "हक्क तुझो आणि गोळी दुसऱ्याक? सांग त्याका!"

मी सांगितलं नाही. मॅनेजरांनी बंदूक आत जाऊ दिली.

महिन्याभरात साहेबानं मागच्या टेकडीवर सशावर नेम धरला आणि गोळी गवत कापणाऱ्या एका वारली बाईच्या मांडीत शिरली. हवालदारांनी फेटा सोडून जखम आवळली आणि तिला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. साहेब पांढराफटक पडला होता. "अपघात मोटारीनंही होतात," हेच घोकत होता. त्याला खरंच वाईट वाटत होतं, आणि तरी बंदूक त्याच्या हातातून सुटत नव्हती.

संध्याकाळी मॅनेजरांनी पोलिसांत द्यायचा मजकूर सांगितला : बाई तारेच्या कुंपणावर पडली. मी टाइप केला. होय, मीच. साक्षीदार म्हणून सही हवालदारांची हवी होती.

त्यांनी तो माझ्याकडून वाचून घेतला आणि टराटरा फाडला. "शिकलेलो ना रे तू? लाज नाय वाटली?"

मग साहेबाच्या खोलीतून बंदूक उचलली आणि भर बाजारातून दोन्ही हातांवर आडवी धरून पोलीस चौकीत नेऊन दिली.

बंदूक जप्त झाली. साहेबाला समज मिळाली. हवालदारांना मात्र चोरीच्या आरोपावरून काढलं. चोरी! आजही तो शब्द आठवला की अंगाची लाही होते. बडतर्फीचं पत्रही मीच टाइप केलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात ती बाई लंगडत फाटकाशी आली. हातात पळसाच्या पानात करवंदं. "हवालदार कुठं हाय?"

"गावी गेले," मी म्हणालो आणि हात पुढे केला.

तिनं पान पदराआड घेतलं आणि परत फिरली.