सोळा हिरवी बटणं

टेलरमास्तरांच्या घरात वर्षातल्या चांगल्या गोष्टी कोणी वहीत लिहून ठेवत नसे. स्वयंपाकघरातल्या फळीवर चिनीमातीची एक बरणी होती. ज्याचा दिवस चांगला गेला त्याने झाकण उघडून आपल्या रंगाचं बटण गुपचूप आत टाकायचं. मास्तरांचं काळं, बायकोचं हिरवं, लेकीचं पांढरं. वर्षाच्या शेवटच्या दिवशी बरणी कापड बेतायच्या टेबलावर उपडी करायची आणि ज्याने त्याने आपल्या बटणांच्या गोष्टी सांगायच्या.

बटणं टाकण्यात मास्तर भलतेच उदार. गिऱ्हाइकाला पँट एका फेरीत पसंत पडली, टाक बटण. गावच्या बँडमध्ये मोठा ड्रम वाजवताना एकही ठोका चुकला नाही, असं त्यांचं त्यांनाच वाटलं, टाक दोन. बायको मात्र हातचं राखून. बोलण्यातही आणि बटणांतही.

यंदा मास्तरांचा जीव तिच्या बटणांत अडकला होता. त्याचं कारण जानेवारीतलं. मोठ्या शहरात तयार कपड्यांचा कारखाना असलेले त्यांचे थोरले बंधू आले आणि म्हणाले, कारखान्यात कटिंग मास्तर म्हणून ये, राहायला ऐसपैस घर देतो, या बिळात काय ठेवलंय? मास्तरांनी हातातला कप खाली ठेवायच्या आत नाही म्हणून टाकलं. दुकान सोडायचं? ड्रम सोडायचा? दादा गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की बायकोला विचारायचं राहूनच गेलं. विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तुम्हाला बरं वाटलं ना? मग झालं."

हे वाक्य ऐकून निश्चिंत झोपलेला नवरा अजून जन्माला यायचाय. मास्तर वर्षभर ते वाक्य उलटंपालटं करून पाहत होते, अस्तराच्या आत काही शिवलंय का म्हणून.

वर्ष तसं गरीब गाईसारखं गेलं. लेक सायकल दुरुस्त करायला शिकली आणि मग उत्साहाच्या भरात शेजाऱ्यांच्या धडधाकट सायकलीही दुरुस्त करू लागली. बायकोने गच्चीवर पत्र्याच्या डब्यांत टोमॅटो लावले. मास्तर शिवत होते, वाजवत होते. दादा फोनवर विचारायचे, काय नवीन? मास्तर डोकं खाजवायचे. नवीन काही नव्हतंच. आपण घरादाराला खड्ड्यात घातलं की काय, हे आता बरणीच सांगणार होती.

एकतीस डिसेंबरला दुपारची जेवणं उरकताच मास्तरांनी बरणी उपडी केली. रंगवार ढीग लावले. काळी सत्तेचाळीस. पांढरी बावीस. हिरवी?

एकही नाही.

मास्तरांनी बरणीत हात घातला, मग डोळा घातला. त्यांचा चेहरा पाण्यात बुडवलेल्या कापडासारखा आटला. "अगं," ते कसेबसे म्हणाले, "अख्ख्या वर्षात एक दिवसही नाही?"

बायको टेबलाखाली वाकून शोधत होती. "सोळा टाकलीत मी," ती खालूनच म्हणाली. "चांगली आठवून आठवून सोळा."

लेकीने बापाकडे रोखून पाहिलं. "बाबा, कप्तानकाकांच्या कोटाला बटणं कुठून आणलीत?"

कप्तान म्हणजे बँडचे प्रमुख. उभा जन्म पोस्टात गेलेला, जहाज चित्रातही धड पाहिलेलं नाही, पण मिशा अशा की दुसरं नाव शोभलंच नसतं. आठ दिवसांपूर्वी मास्तरांनी त्यांना गडद हिरवा कोट शिवून दिला होता. पुढे दोन ओळी, ओळीत आठ बटणं. मागवलेली बटणं वेळेवर आली नाहीत. आणि मास्तरांच्या डोक्यात काम शिरलं की घर दिसायचं बंद होई. मागे एकदा त्यांनी लेकीच्या खिडकीचा पडदा एका वकिलाच्या कोटाला अस्तर म्हणून लावला होता. त्या सकाळी त्यांनी सवयीने बरणी उघडली, तर आत हवी तश्शी हिरवी बटणं, तीही नेमकी सोळा! आपल्या नशिबावर ते इतके खूश झाले की बदल्यात एक काळं टाकून मोकळे झाले.

"म्हणजे माझं वर्ष," बायको कपडे झटकत उठली, "कप्तानांच्या पोटावर आहे."

चारला बागेत बँडचा कार्यक्रम होता. तिघं जवळजवळ धावतच निघाली. पण कप्तान उभे राहणार बँडकडे तोंड करून. पहिल्या रांगेतल्या बायकोला तासभर त्यांची पाठ दिसत होती आणि ड्रममागच्या मास्तरांना सोळाच्या सोळा बटणं. कुठे शून्य आणि कुठे सोळा! बासरीची एकटी, हळुवार धून चालू असताना मास्तरांचा आनंद अनावर झाला आणि ड्रमवर असा ठोका पडला की झाडावरचे कावळे उडाले आणि पुढच्या रांगेतले एक आजोबा जागे झाले.

कार्यक्रम संपताच बायको थेट कप्तानांसमोर. "भाऊ, जरा सरळ उभे राहा. तुमच्या अंगावर माझं काहीतरी आहे." कप्तान डॉक्टरांपुढे उभं राहावं तसे श्वास रोखून ताठ झाले.

"कोणतं कधीचं, ते तुला कसं कळणार?" मास्तरांनी विचारलं.

"नाही कळत. खालून सुरू करते. डिसेंबर ताजा आहे."

आणि एरवी चार शब्दांत दिवस काढणारी ती बाई बोलत सुटली. हे, लेकीने पहिल्यांदा पंक्चर काढलं आणि चाक दिवसभर टिकलं तेव्हाचं. हे पहिल्या टोमॅटोचं, गोटीएवढा होता, तिघांनी वाटून खाल्ला. हे, तुम्ही झोपेत ड्रम वाजवत होतात आणि मला हसू आवरेना तेव्हाचं. बोट वर वर सरकत होतं, मास्तर एकेका बटणाला मान डोलवत होते. पंधरा झाली. सोळावं कप्तानांच्या हनुवटीखाली दडलं होतं. त्यांनी मिशांसकट तोंड आभाळाकडे केलं.

"आणि हे जानेवारीतलं," बायको म्हणाली. "भाऊजींना तुम्ही नाही म्हणालात ना, त्या दिवशीचं. मला भीती होती, तुम्ही हो म्हणाल." मग तिने ते बटण चिमटीत धरून हलवलं. "पण हे काय, मास्तर? तुमच्या हातचं बटण, आणि सैल?"

मास्तरांनी कॉलरमध्ये खोचलेली सुई काढली. दोरा ओवायला त्यांना तीन वेळा डोळे पुसावे लागले. मग कप्तानांना तसंच आभाळाकडे बघत ठेवून त्यांनी ते बटण शिवलं, वर आणखी शिवलं, पुन्हा शिवलं. शेवटी आभाळाकडून आवाज आला, "मास्तर, आता मिशी शिवताय."