गिरजा चिखलात उतरली तेव्हा

धसईजवळ राघोच्या शेतावर आवणी, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली की वाडीतल्या बाया आपली तान्ही पोरं गिरजाच्या हवाली करत. गिरजाची कंबर वाकलेली, रोप लावणं तिला जमत नसे. पण पोरं सांभाळण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. बांधाजवळच्या खोपीत झोळ्या टांगलेल्या असायच्या. पोर भुकेलं की ती बांधावरून त्याच्या आईला हाक मारायची. गिरजाची हाक म्हणजे पाजायची वेळ, हे सगळ्यांना ठाऊक.

एका वर्षी त्या बायांपैकी सावळीची पोर गेली. सकाळीच अंग कढत होतं, पण सावळीला कामावर आल्यावाचून गत्यंतर नव्हतं. दुपारी गिरजाने झोळीत हात घातला, तर पोर गार. जोडीची म्हातारी बारकी अजून झोका देतच होती.

"बारके, दोरी सोड. पोर गेली."

बारकीने कपाळ बडवून घेतलं. "माझ्या हातात गेली गो! मला कळलं पन नाय!"

"तापानं गेली. तुझा झोका होता म्हनून निजेत गेली."

राघो धावत आला. माणूस वाईट नव्हता, पण त्याला काळजी उपटलेल्या रोपांची. "आता हाक मारू नको. सांजेला सांग," तो म्हणाला.

"हाक नायच मारनार."

हाक ऐकून सावळी पाजायला म्हणून धावत आली असती. आणि सांजेपर्यंत थांबवणं काय असतं, ते गिरजाने भोगलं होतं. तिचा मुलगा बुधू वाशिंदला वारला, तेव्हा लोकांनी 'आजारी आहे' एवढंच सांगितलं, आणि ही वेडी वाटभर देवाला नवस बोलत गेली.

तिने लुगडं खोचलं आणि चिखलात उतरली. बायांचं गाणं थांबलं. प्रत्येकीचा जीव टांगणीला. गिरजाने थेट जाऊन सावळीचा हात धरला.

"सावळे, तुझी पोर गेली. तापानं. आमी दोघी जवळच होतो. रडली नाय."

सावळी मटकन खाली बसली. गिरजाही बसली, आणि मग दोघींना बायांनीच उठवलं. आवणी तिथंच थांबली, आणि राघोची उपटलेली रोपं त्या दिवशी सुकली.

दोन वर्षांनी सावळीला मुलगा झाला. ही आता त्याला पाठीशी बांधूनच आवणी करणार, असं सगळे धरून चालले होते. तिला येताना पाहून बारकी तर खोपीच्या कोपऱ्यात तोंड लपवून बसली. सावळीने पोर उचललं आणि बारकीच्याच मांडीवर ठेवलं.

मग गिरजाला म्हणाली, "काय झालं तर हाक मारू नको. तशीच चिखलात ये."