एक अक्षर वाढवून

लग्न होऊन पेठ वडगावच्या बेकरीत आले तेव्हा इंग्रजीत बीए झाल्याची मला चांगली शिंगं फुटली होती. केकवर लिहायचं काम सासूबाईंचं. आम्ही त्यांना आत्ती म्हणतो. शिक्षण चौथी, पण क्रीमचा कोन हातात धरला की अशी झोकदार एबीसीडी काढायच्या की बघतच राहावं!

पहिल्याच आठवड्यात दोन किलोच्या केकवर मी 'हॅपी'तले पी मोजले. तीन! गिऱ्हाइकासमोरच मी खो खो हसले, सुरीनं एक पी खरवडून काढला, वर ऐटीत स्पेलिंगही म्हणून दाखवलं. आत्तींनी कोन माझ्या हातात ठेवला. "तूच लिव आता."

झालं! महिनाभर त्या नुसते गुलाब काढत बसल्या. बोलायच्या, जेवायला वाढायच्या, पण लिहायच्या कोनाकडं ढुंकून बघायच्या नाहीत. माझी अक्षरं शुद्ध, पण निव्वळ कोंबडीचे पाय. एकदा वारणानगरचे आजोबा नातीचा दोन किलोचा केक न्यायला आले, बोटानं अक्षरं मोजत म्हणाले, "औंदा एक आक्षर कमी हाय की वो!"

मी समजवायला तोंड उघडलं, तोवर आत्ती म्हणाल्या, "आता हितं मापातच मिळतंय, पावणं."

आजोबा गेल्यावर मी विचारलं, तेव्हा उजेड पडला. अर्ध्या किलोला एक पी, किलोला दोन, दोन किलोला तीन!

"दूधवाली सुदिक माप झाल्यावर वर धार सोडती," आत्ती म्हणाल्या. "माणूस दोन किलो घ्याला लागलाय, त्याला एक आक्षर वाढवून दिलं तर काय बिघडलं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि मेलं हसूही आवरेना. मी कोन पुढं केला. "तुझं बेस चाललंय की," म्हणून त्या परत गुलाबाकडं वळल्या.

पंधरा दिवसांनी माझा वाढदिवस आला. सकाळी काउंटरवर अर्ध्या किलोचा केक, त्यावर तीच झोकदार अक्षरं! नियमानं माझ्या वाट्याचा एकच पी. पण आत्ती एकदा सुरू झाल्या होत्या त्या थांबल्याच नव्हत्या. पी केकच्या काठापर्यंत गेले, काठावरून खाली उतरले, शेवटचे दोन तर पुठ्ठ्यावर. मी मोजले. अकरा.

बर्थडे लिहायला जागाच उरली नव्हती.